हिमवंताची वाट आणि तीन चीवरे

पालि साहित्यातील हिमवंत पर्वताकडे आपण बहुधा वर्णनाचा विषय म्हणूनच पाहत आलो आहोत. अट्ठकथांनी त्याचा विस्तार तीन हजार योजने आणि त्याची शिखरे चौऱ्याऐंशी हजार सांगितली आहेत. त्याच्या उदरात अनोतत्त सरोवर आहे आणि त्या सरोवरावर सुदस्सन, चित्त, काळ, गंधमादन व केलास ही पाच शिखरे झुकलेली आहेत. सूर्याचे किरण सरळ पडत नसल्यामुळे ज्याचे पाणी कधी तापत नाही ते अनोतत्त, असा या नावाचा अर्थ दिला जातो. जातककथांत प्रव्रजित होणारा प्रत्येक तपस्वी याच पर्वताकडे निघतो आणि मीठ-आंबट खाण्यासाठी पावसाळ्यात खाली उतरतो. अशा वर्णनांची सवय झाली म्हणजे हिमवंत हा खरोखरीचा, चढायचा, पाय घसरण्याचा आणि थंडीने मरण्याचा पर्वत होता याचा विसर पडतो.

तो विसर पडू नये असे एक मोठे कारण इतिहासाने दिले आहे. पाटलिपुत्र येथे मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली तिसरी संगीती झाली आणि त्यानंतर निरनिराळ्या प्रदेशांत थेर पाठविण्यात आले, ही हकिकत दीपवंस, महावंस आणि समंतपासादिका या तिन्ही ग्रंथांत आहे. आपल्या अपरांतात, म्हणजे सोपारा-कल्याणच्या या किनारपट्टीत, योनक धम्मरक्खित थेर आले. महारट्ठात महाधम्मरक्खित थेर आले. काश्मीर-गंधारात मज्झंतिक थेर गेले. आणि हिमवंत प्रदेशात मज्झिम थेर गेले. त्यांच्याबरोबर कस्सपगोत्त, अळकदेव, दुंदुभिस्सर आणि सहदेव हे चार थेर होते. मज्झंतिक थेर आकाशमार्गे गेल्याचे वर्णन ग्रंथकारांनी केले आहे. हिमवंताकडे गेलेल्या पाच जणांच्या वाट्याला मात्र तसा चमत्कार आलेला नाही. त्यांनी तेथे धम्मचक्कप्पवत्तन सुत्ताची देसना केली आणि पाच राष्ट्रे धम्मात आणली, एवढेच सांगून ग्रंथ पुढे जातात. म्हणजे ते चालत गेले असे आपण मानले पाहिजे.

भिवंडीतील नारपोली येथे वर्षावासाच्या काळात महावंसाचे हे प्रकरण वाचले जात असता यंत्रमागावर काम करणाऱ्या एका उपासकाने आम्हांस विचारले, "भंते लोकांच्या अंगावर तीनच चीवरे. मग बर्फात ते कसे गेले?" कापडाचा जाडपणा बोटांनी ओळखणाऱ्या माणसाचा हा प्रश्न होता आणि तो टाळण्यासारखा नव्हता. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा मागोवा घेत आहोत. कपडा, पायतण, वाट, ऋतू आणि वाटाड्या अशा साध्या गोष्टींची पालि ग्रंथांत व यात्रिकांच्या वृत्तांतांत जी माहिती विखुरलेली आहे ती एकत्र केली असता बरेच काही हाती लागते.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. पालीतील 'हिम' म्हणजे नेहमीच बर्फ नव्हे. मराठीत आपण 'हिंव भरले' म्हणतो, 'हिवाळा' म्हणतो, 'हिवताप' म्हणतो. या तिन्ही ठिकाणी तोच प्राचीन शब्द आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ गारठा असा आहे. जे आकाशातून पांढरे पडते त्यासाठी आपल्याला फारसीतून 'बर्फ' हा शब्द घ्यावा लागला, कारण सह्याद्रीच्या माणसाला त्याची गरजच पडली नव्हती. सुत्तांत व विनयात 'अंतरट्ठक हिमपातसमय' असा एक काळ वारंवार येतो. माघातील शेवटचे चार आणि फाल्गुनातील पहिले चार असे हे आठ दिवस, असे अट्ठकथा सांगते. मगध-वज्जीच्या सपाट प्रदेशात या दिवसांत बर्फ पडत नाही, पडते ते दहिवर. तेव्हा 'हिमपात' या शब्दावर भिस्त ठेवून वैशालीत बर्फ पडत असे असे कोणी लिहिले तर ते धाडसाचे होईल.

याच आठ दिवसांत तीन चीवरांचा नियम झाला. विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खंधकात ही हकिकत आहे. वैशालीच्या गोतमक चेतियात तथागत रात्री उघड्यावर एक चीवर घेऊन बसले. पहिला प्रहर संपता थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर संपता पुन्हा थंडी वाजली, तेव्हा तिसरे घेतले. शेवटचा प्रहर संपून पहाट फुटू लागली तेव्हा चौथे घ्यावे लागले. यावरून, जे कुलपुत्र थंडीला भितात त्यांनाही तीन चीवरांत निभावता येईल असे ठरवून दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक यांची अनुज्ञा देण्यात आली. वाचकांनी हिशेब पाहावा. संघाटी दुहेरी असल्यामुळे तीन चीवरांचे थर चारच होतात. नियम करणाऱ्याने आधी स्वतःच्या अंगावर मोजून पाहिले आणि मग नियम केला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

परंतु हे माप वैशालीच्या थंडीचे आहे. दहा-बारा हजार फुटांवरील थंडीला चार थर सुती कापड पुरणार नाही हे सांगायला विद्वान नको. शिवाय, आजारी नसताना अंग शेकण्यासाठी विस्तव पेटविणे हे भिक्खूला पाचित्तिय आहे. सबळ कारण असल्यास तेवढी सूट आहे. मग वाट कोठून निघते? ती महावग्गाच्या चम्मक्खंधकात निघते. महाकच्चान थेरांच्या वतीने सोण कुटिकण्ण यांनी अवंती-दक्खिणापथातील अडचणी तथागतांपुढे मांडल्या. तेथे भिक्खू थोडे असतात, जमीन काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडवून कठीण झालेली असते, आणि अंथरण्यासाठी लोक मेंढी, बोकड व हरिण यांची कातडी वापरतात. या निवेदनावरून सर्व सीमावर्ती जनपदांसाठी चार सवलती मिळाल्या. विनयधर धरून पाच भिक्खूंच्या गणाने उपसंपदा, पुष्कळ तळांचे जाड पायतण, नित्य स्नान आणि कातड्याचे अंथरूण. त्याच ठिकाणी सीमावर्ती म्हणजे कोठवर हेही आखून दिलेले आहे आणि उत्तरेची सीमा म्हणून उसीरद्धज पर्वत सांगितला आहे. त्याच्या पलीकडचा सारा हिमवंत प्रदेश अर्थातच या सवलतीत येतो.

नित्य स्नानाची सवलत हिमवंतातील भिक्खूला फारशी उपयोगी पडली असेल असे वाटत नाही. बाकीच्या तीन मात्र जणू त्याच्यासाठीच केल्या आहेत. जाड तळाचे पायतण आणि मेंढीचे कातडे यांशिवाय बर्फाळ प्रदेशात कोणी राहू शकत नाही. आणि पाच जणांच्या गणाने उपसंपदा देता येते म्हणून हिमवंताकडे बरोबर पाच थेर पाठविले गेले. समंतपासादिकेने हे कारण स्पष्ट दिले आहे. सीमावर्ती जनपदात उपसंपदेस पाचांचा गण पुरेसा आहे हे जाणून प्रत्येक थेर आपल्यासह पाच होऊन गेला, असे ती सांगते. दक्खिणेच्या काळ्या मातीतून निघालेला नियम उत्तरेच्या बर्फात कामी आला.

आता वाटेकडे वळू. संयुत्तनिकायाच्या सतिपट्ठानसंयुत्तात मक्कटसुत्त आहे. धम्मोपदेशासाठी सांगितलेली ती उपमा आहे, पण तिच्या आरंभी हिमवंताच्या भूमीची जी विभागणी केली आहे ती पर्वत पाहिलेल्या माणसाची आहे. हिमवंतात काही दुर्गम, विषम जागा अशा आहेत की जेथे माकडेही फिरत नाहीत आणि माणसेही फिरत नाहीत. काही अशा आहेत की जेथे माकडे फिरतात, माणसे नाहीत. आणि काही सपाट, रमणीय भाग असे आहेत की जेथे दोघेही फिरतात. फाशे लागतात ते या तिसऱ्या भागात. उंचीप्रमाणे वस्ती, जंगल आणि उजाड हिमप्रदेश असे तीन पट्टे आजचा भूगोल करतो. सुत्तातील तीन भाग त्याहून फार वेगळे नाहीत.

याहून विलक्षण सामग्री महानिद्देसात आहे. धनाच्या शोधात निघालेला मनुष्य कोठकोठे भटकतो आणि काय काय भोगतो याची तेथे एक लांबलचक यादी आहे. त्या यादीत सुवण्णभूमी आहे, तंबपण्णी आहे, भरुकच्छ आहे, आणि आमच्या या भागातील वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आपले सुप्पारक, म्हणजे सोपाराही आहे. बंदरांची नावे संपली की तीच यादी डोंगरात शिरते. गुडघ्यांवर रांगत जाण्याचा जण्णुपथ, बोकडांचा अजपथ, मेंढ्यांचा मेंडपथ, खुंट्यांचा संकुपथ, छत्रीचा छत्तपथ, बांबूचा वंसपथ, पक्ष्यांचा सकुणपथ, उंदरांचा मूसिकपथ, कपारींचा दरिपथ, असे तिचे मार्ग आहेत. सोपाऱ्याच्या धक्क्यावर गलबत लावणारा व्यापारी आणि खुंट्या ठोकून कडा चढणारा व्यापारी हे निद्देसकारांच्या दृष्टीने एकाच जातीचे लोक आहेत. भिवंडी तालुक्यातील लोणाडचे लेणे, कल्याणचे बंदर आणि नाणेघाटातील खोदलेली वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना समुद्र व कडा यांचा हा शेजार अनोळखी वाटणार नाही.

संकुपथाचे जे विवरण उपसेन थेरांच्या अट्ठकथेत आहे ते गिर्यारोहणाच्या इतिहासकारांनी वाचले आहे की नाही आम्हांस शंका आहे. पर्वताच्या पायथ्याशी उभे राहून दोराला बांधलेला लोखंडी आकडा वर फेकायचा आणि तो कड्यात अडकवायचा. दोराने वर चढून जायचे. वज्रासारखे कठीण टोक असलेल्या लोखंडी दांड्याने खडकात भोक पाडून तेथे खुंटी ठोकायची आणि तिच्यावर उभे राहायचे. मग आकडा सोडवून आणखी वर अडकवायचा. असे करीत करीत माथा गाठायचा. पलीकडे उतरताना माथ्यावर खुंटी ठोकून तिला दोर बांधायचा, कातड्याच्या पिशवीत बसायचे आणि कोळी जसा आपला धागा सोडीत खाली येतो तसे दोर सोडीत खाली यायचे. छत्तपथावर तर चामड्याची छत्री वाऱ्याने फुगवून पक्ष्याप्रमाणे उतरत, असे सांगितले आहे. छत्रीच्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा ते वाचकांनी ठरवावे. पण आकडा, दोर, खुंटी, हातोडा आणि दोरावरून उतरणे हा क्रम ऐकीव कल्पनेतून आलेला वाटत नाही. हे काम करणारी माणसे कोणीतरी पाहिली होती. हा उल्लेख खडकाचा आहे, बर्फाचा नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

बर्फाची प्रत्यक्ष नोंद हवी असेल तर चिनी यात्रिकांकडे जावे लागते. तत्पूर्वी ऋतूचा एक पेच समजून घेतला पाहिजे. हिंदुकुश, पामीर व हिमालय येथील उंच खिंडी साधारणपणे ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत मोकळ्या असतात. आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने भिक्खूने वर्षावासात एके ठिकाणी राहिले पाहिजे. म्हणजे जेव्हा वाट उघडते तेव्हाच चालणे बंद होते. गंगेच्या खोऱ्यात पावसाने वाटा मोडतात म्हणून केलेला नियम पर्वतात नेमका उलटा बसतो. यातून मार्ग काय, हा प्रश्न त्या काळच्या भिक्खूंनाही पडला असलाच पाहिजे.

महावग्गाच्या वस्सूपनायिकाक्खंधकात याचे एक उत्तर सापडते असे आम्हांस वाटते. गुराख्यांच्या तळावर, ज्याला पालीत 'वज' म्हणतात, तेथे वर्षावास धरण्याची अनुज्ञा आहे. तळ हलला तर भिक्खूने तळाबरोबर जावे असेही सांगितले आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यात व नावेतही वर्षावास धरता येतो. उन्हाळ्यात मेंढपाळ जसजसे बर्फ वितळेल तसतसे वरच्या कुरणांकडे सरकतात आणि शरदात खाली येतात. त्यांच्या तळावर वर्षावास धरलेला भिक्खू नियम न मोडता खिंडीपर्यंत पोचू शकतो. हिमवंतात धम्म असाच वर गेला याचा पुरावा नाही. हे आमचे अनुमान आहे. पण विनयाने दार उघडे ठेवले होते एवढे खरे.

फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांग-आनहून निघाला तेव्हा त्याने साठी गाठलेली होती असे मानतात. त्याच्या वृत्तांतात ठिकठिकाणी वर्षावासाची नोंद आहे. पामीरच्या पायथ्याशी एका राज्यात त्याने व त्याच्या सोबत्यांनी वर्षावास पूर्ण केला आणि मगच ते पुढे चढले. याचा परिणाम असा झाला की खिंडीत ते पोचले तेव्हा थंडी परतू लागली होती. वाटेत लागलेल्या एका डोंगरी राज्याची त्याने मोठी गमतीची हकिकत दिली आहे. तेथे गव्हाखेरीज काही पिकत नाही, आणि भिक्खूंना वर्षाचे धान्य देऊन झाले की दुसऱ्या सकाळपासून दहिवर पडू लागते. म्हणून राजा दरवर्षी भिक्खूंना विनवणी करतो की गहू पिकेपर्यंत दान घेऊ नका! राजाने कार्यकारणभाव उलटा लावला होता. पण दहिवराच्या तारखेकडे सगळ्या राज्याचे डोळे लागलेले असत हे यातून कळते.

पामीरवर हिवाळा-उन्हाळा बर्फ असते, तेथील विषारी नाग रागावले की वारा, पाऊस, बर्फ, वाळू ओकतात, असे तो लिहितो. पुढे पंधरा दिवस कड्याच्या कडेने वाट आहे. खडकात सातशे पायऱ्या कोरलेल्या आहेत. खाली सिंधू नदी झुलत्या दोरांच्या पुलावरून ओलांडायची. काही महिन्यांनी, नगरहाराच्या दक्षिणेस असलेल्या 'लहान हिमपर्वता'च्या उत्तर उतारावर एकाएकी थंड वारा सुटला. त्याचा सोबती हुइ-जिंग याला पुढे चालवेना. तोंडातून पांढरा फेस आला. आपण आता जगत नाही, तुम्ही थांबू नका, नाहीतर सारे येथेच मराल, असे सांगून त्याने प्राण सोडला. फाहियान त्याच्या देहावर हात फिरवीत रडला आणि मग उरलेले पुढे गेले. एवढ्या मोठ्या प्रवासवर्णनात लेखकाने स्वतःचे अश्रू फार थोड्या वेळा सांगितले आहेत.

सव्वादोनशे वर्षांनी ह्युएन-त्संग याने बर्फाच्या बाबतीत अधिक सावधगिरी ठेवली. तिएनशान पर्वतातील लिंगशान, म्हणजे बर्फाचा डोंगर, ओलांडण्यापूर्वी त्याला कुचा येथे साठांहून अधिक दिवस थांबावे लागले, कारण वाटेवरचे बर्फ अजून विरघळले नव्हते. एवढे थांबूनही तो ऋतूच्या फार आधी निघाला असावा. सात दिवसांच्या त्या चालीचे वर्णन त्याच्या चरित्रकाराने केले आहे. दुहेरी पायतणे आणि केसाळ कातड्यांचे कपडे असूनही हुडहुडी थांबत नाही. टेकायला कोरडी जागा नाही. भांडे टांगून अन्न शिजवायचे आणि बर्फावरच अंथरूण घालायचे. खाली उतरेपर्यंत सोबत्यांपैकी दहांत तीन-चार उपासमारीने व थंडीने मेले. बैल-घोडे त्याहून जास्त मेले.

त्याच डोंगराविषयी ह्युएन-त्संगच्या स्वतःच्या ग्रंथात एक इशारा आहे. तेथून जाणाऱ्याने तांबूस रंगाचे वस्त्र घालू नये, भोपळ्याचे भांडे नेऊ नये आणि मोठ्याने ओरडू नये, नाहीतर नाग कोपतो आणि दगड-वाळूचा वर्षाव होतो. काषाय वस्त्राच्या माणसाने हे लिहून ठेवावे यात थोडी गंमत आहे. ओरडू नये या सूचनेत हिमस्खलनाची भीती आहे हे उघड आहे. आजचे अभ्यासक सांगतात की माणसाच्या आवाजाने बर्फाचा थर सहसा निसटत नाही. तो निसटतो चालणाऱ्याच्या वजनाने, किंवा ताज्या बर्फाच्या आणि वाऱ्याने रचलेल्या थराच्या भाराने. पण आवाजाची बंदी पाळणारा तांडा गोंधळ न करता, अंतर ठेवून, एकामागे एक चालत असणार. नागाच्या नावाने पाळलेली शिस्त उपयोगी पडली असेल.

भारतात बरीच वर्षे घालवून, इ. स. ६४१च्या सुमारास महाराष्ट्रातूनही जाऊन, तो परत निघाला तेव्हा हिंदुकुश ओलांडताना काय झाले ते आम्हांस या विषयातील सर्वांत बोलके वाटते. सात दिवस चढल्यावर डोंगरात शंभरेक घरांचे एक खेडे लागले. तेथे मुक्काम करून मध्यरात्री निघायचे ठरले. खेड्यातील एक माणूस डोंगरी उंटावर बसून पुढे झाला. त्या भागात बर्फाने भरलेल्या घळी आणि गोठलेले ओढे इतके आहेत की गावकऱ्याने वाट दाखविली नाही तर माणूस आत पडून नाहीसा होईल, असे चरित्रकार लिहितो. त्या वेळी तांड्यात सात भिक्खू, वीसहून अधिक भाडोत्री माणसे, एक हत्ती, दहा खेचरे व चार घोडे होते. जनावरांची मोजदाद अशी चोख आहे. उंटावरच्या माणसाचे नाव नाही.

मध्यरात्र का, हे चरित्रकार सांगत नाही. आज उंच शिखरांवर जाणारा प्रत्येक गिर्यारोहक ते सांगू शकेल. दिवसा ऊन पडले की बर्फ मऊ होते, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, आणि हिमभेगांवर बर्फाचे जे पातळ पूल बनलेले असतात ते खचतात. रात्री सारे घट्ट गोठलेले असते. म्हणून शेवटच्या तळावरून शिखराकडे निघायचे ते रात्रीच. उंटावरच्या त्या गावकऱ्याला हे ठाऊक होते आणि त्याच्या ज्ञानावर त्रिपिटकाचा मोठा अनुवादक सुखरूप चीनला पोचला.

या रात्रीच्या वाटेवर अलीकडे मराठी माणसेही चालू लागली आहेत. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केले. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली १५ मे २०१९ रोजी कांचनजुंगा हे ८,५८६ मीटर उंचीचे, जगातील तिसरे शिखर गाठले. आमच्या विषयाशी या शिखराचा निकटचा संबंध आहे. त्याच्या तिबेटी नावाचा अर्थ महाहिमाचे पाच निधी असा होतो आणि सिक्कीमचे बौद्ध त्याला रक्षक मानून पांग ल्हाबसोल या सणात त्याचे स्मरण करतात. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन प्रथम तेथवर पोचले तेव्हा सिक्कीमच्या राजाला दिलेल्या वचनाप्रमाणे ते माथ्याच्या काही पावले खाली थांबले. भारताच्या, म्हणजे सिक्कीमच्या बाजूने त्यावर चढाईस बंदी आहे, म्हणून चढाई नेपाळमधून होते. ताप्लेजुंगकडून कित्येक दिवस चालून यालुंग हिमनदीशी जावे लागते. एव्हरेस्टच्या मानाने हा भाग फार एकाकी आहे. मे महिन्यात वरचे प्रचंड वारे उत्तरेकडे सरकतात आणि पावसाळा यायचा असतो, त्या मधल्या थोड्या दिवसांतच माथ्याकडे जाता येते. माथ्यावर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या एक तृतीयांश एवढाच असतो. वर्षावासापूर्वी खिंड ओलांडण्याची धडपड करणाऱ्या भिक्खूचा आणि यांचा पंचांगातील हिशेब बराचसा सारखा आहे.

बर्फात दोर बांधण्याचे, हिमभेगांवर शिड्या टाकण्याचे आणि ओझी वाहण्याचे काम या सर्व मोहिमांत मुख्यतः शेर्पा करतात. ते परंपरेने बौद्ध आहेत. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या नॉर्थ कोलखाली बर्फ कोसळून सात जण मेले. ते सातही ओझेकरी होते, साहेबांपैकी एकही नव्हता. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात सोळा जण मेले, तेही सारे नेपाळी कामगार होते. १९५३ साली तेनझिंग नोर्गे एव्हरेस्टवर उभे राहिले तेव्हा त्यांनी बर्फात लहानसा खळगा करून थोडा खाऊ अर्पण म्हणून ठेवला. ओझेकऱ्यांच्या पिढ्यांतून आलेल्या माणसाचे नाव जगाने पाठ केल्याचा तो पहिला प्रसंग असावा.

नावांच्या बाबतीत हिमवंताच्या पाच थेरांचे नशीब मात्र वेगळे निघाले. महावंसात मज्झिम थेर प्रमुख आहेत. दीपवंसात मात्र कस्सपगोत्तांना प्रमुख स्थान आहे. दोन्ही ग्रंथ लंकेत, घटनेनंतर शतकानुशतके गेल्यावर रचले गेले, म्हणून हा सारा वृत्तांतच कल्पित ठरविण्याकडे काही पाश्चात्त्य पंडितांचा कल होता. १८५१ साली कनिंगहॅम व मेझी यांनी सांची येथील दुसरा स्तूप उघडला आणि जवळच सोनारी येथील स्तूपही उघडले. आत अस्थींच्या डब्या निघाल्या आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत नावे होती. एका डबीवर मज्झिम थेरांचे नाव होते. दुसरीवर कस्सपगोत्तांचे होते आणि त्यांना साऱ्या हिमवंताचे आचार्य म्हटले होते. दोघांनाही 'सप्पुरिस' ही उपाधी आहे. आचार्यपद कोरले गेले ते कस्सपगोत्तांच्या नावापुढे, म्हणजे येथे दीपवंसाची परंपरा अधिक खरी ठरते. सज्जन दुरूनही हिमवंतासारखे दिसतात असा भाव धम्मपदातील एका गाथेत आहे. त्या डब्या कोरणाऱ्याच्या मनात ती गाथा होती की नाही हे कोणाला सांगता येणार नाही, पण आम्हांस ती आठवल्याशिवाय राहत नाही.

सोनारीच्या एका डबीवर आणखी एक नाव आहे, जे महावंसात नाही आणि दीपवंसातही नाही. ते गोतिपुत्ताचे. त्याला 'हेमवत' म्हटले आहे आणि दुंदुभिस्सराचा दायाद, म्हणजे वारसदार, असे त्याचे नाते सांगितले आहे. दुंदुभिस्सर थेर पहिल्या पाचांपैकी होते. त्यांच्यानंतर त्यांचा शिष्य त्याच बर्फाच्या प्रदेशात वावरला, तिकडचाच म्हणून ओळखला गेला, आणि त्याच्या अस्थी मात्र विदिशेजवळच्या एका टेकडीवर आणून ठेवल्या गेल्या. त्या अस्थी खाली घेऊन येणारे कोण होते, कोणत्या महिन्यात त्यांनी खिंड उतरली, हे डबीवर कोरलेले नाही.